हॅपी बर्थडेच्या प्लेटा

"समाजशास्त्र शिकायला पुस्तक लागत नाही, डोळे लागतात," भावेश सर म्हणाले. "उघडे डोळे! माणूस डोळे उघडे ठेवून नुसता कॉलेजपासून अंबाडी नाक्यापर्यंत चालत गेला ना, तरी त्याला अर्धी डिग्री रस्त्यातच मिळते."

असं म्हणून, मागे हात बांधून, तोंड वर्गाकडेच ठेवून, ते उलट्या पावलांनी दारातून बाहेर पडले आणि व्हरांड्यात सकाळीच टाकलेल्या ओल्या सिमेंटात दोन्ही चपलांसकट रुतले.

"अरे मास्टर!" गवंडी किंचाळला. "इतना बडा कागद चिपकाया है दीवार पे, दिखता नहीं क्या?"

भिंतीवर खरंच कागद होता. 'काम चालू आहे.' वर्गाने आधी एकमेकांकडे बघितलं, मग हसून घेतलं. सरांनी एक पाय उपसला, चप्पल आतच राहिली.

"बघा," सर म्हणाले, एका पायावर. "हेच सांगत होतो. आपण नियम मोडला की समाज कसा ओरडतो? याला म्हणायचं सामाजिक नियंत्रण. लिहून घ्या."

मुलांनी लिहून घेतलं. भावेश सरांची हीच तर खासियत होती. मानकोलीच्या बाजूच्या एका गावातला हा माणूस, समाजशास्त्रात एम.ए., कॉलेजात तासागणिक पगारावर. गावच्या शेतांवर गोडाऊनं उभी राहिली तेव्हा बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, भावेशने पुस्तकं घेतली, आणि गाव अजून त्यावर हसतं. पण वर्गात त्यांचं चालायचं. रिक्षात तिसऱ्या सीटवर कोण सरकतं, त्यावरून ते सत्ता शिकवायचे. हळदीच्या डीजेवरून प्रतिष्ठा शिकवायचे. पॉवरलूमच्या शिफ्टवरून कुटुंबव्यवस्था शिकवायचे.

आता मात्र मामला टाइट होता. पहिलं वर्ष संपत आलं होतं. येत्या सोमवारी मुलांनी दुसऱ्या वर्षाचे विषय ऑफिसात सांगायचे होते. समाजशास्त्राला पुरेशी मुलं आली नाहीत तर विषय बंद, आणि विषय बंद म्हणजे सरही बंद. प्राचार्यांनी ते चहा पाजून, अगदी प्रेमाने सांगितलं होतं.

आणि मुलं कोणाकडे बघत होती? धम्मदिनाकडे. भिवंडीतली मुलगी, पहिल्या बाकावरची. वडील रवींद्र वायरिंगचं काम करायचे. ती कमी बोलायची, पण बोलली की वर्ग पेन खाली ठेवायचा. ती जो विषय घेणार तोच सगळे घेणार, हे ठरल्यात जमा होतं. मनोज तर उघड म्हणायचा, "आपलं काय, जिकडं धम्मी तिकडं आम्ही. नोट्स तिच्याच असतात."

चप्पल काढून, पाय धुऊन सर परत आले आणि त्यांनी वर्षातला शेवटचा गृहपाठ दिला.

"आपल्याकडे कोणाच्याही घरी गेलं की काय म्हणतात?"

"जेवून जा!" वर्ग ओरडला.

"आणि आपण काय म्हणतो?"

"आत्ताच जेवलो!"

"दोघं खोटं बोलतात. घरात भात नसतो आणि पाहुण्याच्या पोटात कावळे ओरडत असतात. पण दोघं खूश! हा एक विधी आहे. आता गृहपाठ असा, की या रविवारी कोणी 'जेवून जा' म्हटलं तर म्हणायचं, 'हो, वाढा.' आणि समोरच्याचं तोंड बघायचं."

वर्ग खिदळला. धम्मदिनाने हात वर केला.

"सर, 'जेवून जा' कोणाला म्हणतात आणि कोणाला नाही, ते पण बघायचं का?"

"म्हणजे?"

"पप्पा घरोघरी वायरिंगला जातात ना. काही घरांत म्हणतात, 'जेवून जा.' काही घरांत नाव विचारतात आणि मग म्हणतात, 'झालं का काम?'"

वर्गाने पेन खाली ठेवलं. सरांच्या अंगावर शहारा आला, आनंदाचा. इतका चांगला प्रश्न त्यांना एम.ए.लासुद्धा कोणी विचारला नव्हता, आणि खरं म्हणजे त्यांनीही कोणाला विचारला नव्हता.

"शाब्बास! हेच समाजशास्त्र! बघायचं, बिनधास्त बघायचं. आणि जात काय फक्त गावाकडच्या पुस्तकात असते असं समजू नका, ती घराच्या मांडणीवर ताटांच्या मागे बसलेली असते." सरांना आता थांबता येईना. "आमच्या घरी असलं काही नाही, ते सोडा. आमच्या घरी या कधीही. बघा तपासून!"

शेवटचं वाक्य त्यांनी विधी म्हणूनच उच्चारलं होतं.

रविवारी दुपारी भावेश सर फाटक्या बनियनवर, बर्म्युडा घालून, ओट्यावर चपलांना लागलेलं सिमेंट खरवडत बसले होते. तेवढ्यात गल्लीत रिक्षा थांबली आणि त्यातून रिक्षात मावू नयेत इतकी मुलं उतरली. पुढे मनोज, त्याच्या मागे मेघाली, आणखी तीन-चार जण, आणि शेवटी धम्मदिना.

"सर, गृहपाठ!" मनोज म्हणाला.

सर बर्म्युडा लपवायला उभे राहिले. उभं राहून बर्म्युडा जास्तच दिसते, हे त्यांना उभं राहिल्यावर कळलं.

आतून धोंडूबाई बाहेर आल्या. सरांच्या आई. ह्या बाईंचं अर्धं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलेलं. त्यांचं कुजबुजणंसुद्धा शेजारच्या गल्लीत लोक ऐकून उत्तर द्यायचे.

"या रं पोरांनो! भाव्याची पोरां ना तुम्ही? बसा. जेवून जा!"

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मनोजने घसा साफ केला आणि परीक्षेला म्हणावं तसं म्हणाला, "हो काकू, वाढा."

सगळ्यांनी धोंडूबाईंचं तोंड बघितलं. ते पसरलं, म्हणजे हसून पसरलं.

"आगं बाय! चिंबोऱ्या हायेत! भाकऱ्या टाकते, बसा!" आणि त्या आत खेकड्यांच्या पातेल्याकडे पळाल्यासुद्धा.

विधीचा सिद्धांत तिथेच मेला. मेघालीने डोळ्यांनी सरांना विचारलं, आता काय लिहायचं? पण सरांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यांना भलतीच गोष्ट आठवली होती.

सर लहान असताना त्यांची आजी एक कपबशी छपराच्या आड्याला वेगळी ठेवायची. कान तुटलेली. दलित वस्तीवरचं कोणी आलं की ती कपबशी खाली यायची, आणि चहा झाला की ज्याची त्याने विसळून परत वर. आजी जाऊन जमाना झाला. पण आई त्याच आजीच्या हाताखाली घडलेली. आई आता आतून वेगळंच ताट काढेल का? धम्मदिनाला वरून पाणी ओतेल का? आणि ती पोरगी बघेल. बघायलाच तर आली आहे! उद्या सोमवार. सर विषयासकट बुडणार.

आईला विचारावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. सर्वेक्षण न करता निष्कर्ष काढू नये, हे ते दरवर्षी फळ्यावर लिहितात.

त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. कागदी प्लेटा! सगळ्यांना कागदी प्लेटा. मग वेगळं ताट काढायचा सवालच नाही. आईची अब्रू शाबूत, मुलीचा मान शाबूत, समता शंभर टक्के.

"दही आणतो!" म्हणत ते बर्म्युडावरच बाइक काढून मानकोली नाक्यावर गेले. रविवार दुपार, अर्धी दुकानं बंद. एका दुकानात प्लेटा मिळाल्या, पण एकाच तऱ्हेच्या. गुलाबी, कडेला फुगे, मधोमध अस्वल, आणि अस्वलावर लिहिलेलं 'हॅपी बर्थडे'.

"सादा नहीं है?"

"सादा शादी का सीझन में खतम, भाईजान. ये ले जाओ, बच्चा खूश हो जाएगा."

सर घरी आले तेव्हा मुलं खाली मांडी घालून ओळीने बसली होती. सरांनी छातीशी धरलेला गुलाबी गठ्ठा मनोजने बघितला आणि तो उडालाच.

"सर! आज बर्थडे? आणि सांगितलं पण नाही!"

आता इथे शहाण्या माणसाने नाही म्हटलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला सबब मिळाली की तो ती सोडत नाही.

"हो… म्हणजे… आहे थोडासा," सर म्हणाले.

मुलांनी टाळ्या वाजवून गायला सुरुवात केली. मेघालीने व्हिडिओ सुरू केला. सर मध्ये उभे, बर्म्युडात, हातात अस्वलं. गाणं नावापर्यंत आलं तोच आतून धोंडूबाई पळी घेऊन बाहेर आल्या.

"कोनाचा वाढदिवस?"

"सरांचा, काकू!"

"ह्याचा? ह्यो तं नवरात्रात झालेला! आजून गनपती पन न्हाय आले!"

गाणं विझलं. टाळी वाजवायला वर उचललेले हात मुलांनी हळूच मांडीवर ठेवले. मेघालीने फोन खाली केला, बंद मात्र केला नाही.

सरांनी आईला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. दार नव्हतं, पडदा होता, तो त्यांनी ओढून घेतला.

"आई, सगळ्यांना ह्या प्लेटांत वाढ," ते तिच्या कानाशी पुटपुटले.

"का? घरान ताटां न्हाय?" आईचा आवाज लूमवरचाच.

"हळू! अगं, सगळ्यांना सारखंच दिसलं पाहिजे. वेगळं-बिगळं काही नको."

"वेगलं कोन करतंय?"

सरांनी आणखी आवाज खाली नेला. "ती निळ्या ड्रेसमधली मुलगी. ती… जयभीमवाली आहे. म्हणून म्हटलं, तू उगाच…"

धोंडूबाईंनी पळी पातेल्यात टाकली. नंतर त्या जे बोलल्या ते ओट्यावर, गल्लीत आणि समोरच्या घरी कांदा चिरणाऱ्या सीताबाईंपर्यंत व्यवस्थित पोचलं.

"मंग? म्हनून तिला कागदावर जेवाला घालू? ती मंदाची नात हाय रं! तू दुकानात गेलास तवाच विचारलं मी, कोनाची तू म्हनून. मी नि मंदानं लूमच्या एकाच खात्यात सुताच्या कांड्या भरल्या, एका डब्यात जेवलू! आनि तुला आता ताटां बगावी लागली? शिकून तू असा झाला व्हय रं?"

पातेल्यात चिंबोरीचा रस्सा रटरटत होता.

"आई, मी तुझ्यासाठी… आजीची ती कपबशी…"

"ती कपबशी तं मी कंधीच फोडली."

सरांना वाटलं, निदान ह्यात तरी काहीतरी आहे, आईचा मूक विद्रोह वगैरे. "मुद्दाम फोडलीस?"

"न्हाय, मुद्दाम कशाला? मांजराला मारली फेकून. मांजराला लागली न्हाय."

पडदा सरकवून सर बाहेर आले. यावं लागलंच. सगळे जमिनीकडे बघत होते. एकटी धम्मदिना त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त बघत होती, डोळे उघडे ठेवून, सरांनीच शिकवल्यासारखी.

"धम्मदिना, तसं नाही. मला वाटलं की आईला वाटेल…"

"कळलं, सर," ती म्हणाली.

"म्हणजे माझ्या मनात काही…"

"कळलं."

धोंडूबाईंनी मांडणीवरची स्टीलची ताटं दणादणा काढून सगळ्यांपुढे आपटली. धम्मदिनाला त्यांनी वाढताना डोक्यावर हात फिरवून "मंदा बरी हाय ना गं? गुडगं दुखतात का तिचं?" असं विचारलं, आणि तिने "दुखतात आजी," म्हणून सांगितलं. मग त्या मनोजकडे वळल्या. मनोजने आज मांस-मच्छी चालत नाही, मन्नत आहे, असं भीत भीत म्हटलं.

"कुटला तू?"

"अंबाडीचा."

"तरीच," धोंडूबाई म्हणाल्या. अंबाडीच्या एका स्थळाने त्यांच्या बहिणीला नकार दिला होता, मनोजच्या जन्माच्या कितीतरी आधी. मनोजला लोणचं आणि भाकरी मिळाली, तीही अर्धी. म्हणजे घरात भेदभाव होता. फक्त तो सरांच्या एकाही टिपणात नव्हता.

राहिले सर.

"तू ह्याच्यान जेव," आई म्हणाल्या, आणि त्यांनी गुलाबी गठ्ठ्यातली वरची प्लेट काढून लेकापुढे ठेवली. "हौसेनं आनलीस ना?"

सर मान खाली घालून बसले. आईने अस्वलाच्या पोटावर चिंबोरी ठेवली आणि वर पळीभर रस्सा ओतला. कागदी प्लेट म्हणजे केक ठेवायला केलेली वस्तू. सरांनी ती जरा उचलून जवळ घेतली आणि ती मधोमध मऊ पडली. अस्वल ओलं झालं, खचलं, आणि सगळा रस्सा चिंबोरीसकट सरांच्या मांडीवर उतरला. कढत होता. पण ओरडायचा हक्क आपल्याला आज नाही, असं वाटून सर ओरडले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रश्श्याचं की कशाचं, हे कोणी विचारलं नाही.

"सर, चिंबोरी पायावर आहे," मेघालीने हळूच सांगितलं.

"हो," सर म्हणाले.

मुलं जेवली. पोटभर जेवली, कारण धोंडूबाई उठू देत नव्हत्या. धम्मदिनाने स्वतःचं ताट उचलायला घेतलं तेव्हा सरांनी चटकन तिकडे बघितलं, पण सगळीच आपापली ताटं उचलत होती. त्यांना स्वतःचाच वैताग आला. आता हे काय, पोरीने ताट उचललं तरी आपण बघणार?

निघताना मुलं रिक्षापाशी गेली. धम्मदिना मागे थांबली.

"सर, उद्या यावर बोलणार ना वर्गात?"

"यावर?"

"दैनंदिन जीवनातलं उदाहरण. तुम्ही बाकी सगळ्यांची घेता. रिक्षावाल्याचं, लूमवाल्याचं, हळदीचं." ती थोडी थांबली. "मी अजून विषय ठरवला नाहीये. आम्ही सगळे आधी तुमचा तास करू, मग ऑफिसात जाऊ."

"बोलणार," सर म्हणाले. "नक्की बोलणार."

सोमवारी सकाळी भावेश सर सगळ्यात चांगला शर्ट घालून कॉलेजात आले. मनोजच्या ग्रुपवर 'हॅपी बर्थडे' गाणं अर्धवट थांबल्याचा व्हिडिओ फिरत होता. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'सर नवरात्रात परत जन्मणार.' स्टाफरूममध्ये सर शिरले तसे दोघं-तिघं एकदम खोकले. प्राचार्य दिसले, ते सरांच्या मांडीकडे बघून "बरं आहे ना?" म्हणाले.

सरांनी कोणाशी वाद घातला नाही. बाइकवर येताना त्यांनी सगळं मनात जुळवून घेतलं होतं. सबब द्यायची नाही, आईवर ढकलायचं नाही, आजीवर तर नाहीच. घंटा झाली. ते व्हरांड्यातून निघाले. ह्या वेळी सिमेंटात पाय घालायचा नाही म्हणून आणि कोणाशी नजरानजर नको म्हणूनही त्यांनी मान खाली घातली आणि फरशीकडे बघत, एकेक पाऊल जपून टाकत ते नेहमीच्या वर्गात शिरले. मुलं उभी राहिली, बसली. सरांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. मान वर केली नाही. वर केली तर पहिल्या बाकावरचे ते डोळे दिसतील आणि आपली जीभ वळणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

"काल माझ्या घरी जे झालं ते मी सांगणार आहे," ते टेबलाला म्हणाले. "मला वाटत होतं की जात माझ्या आईच्या मांडणीवर आहे. ती तिथे नव्हती. मी ती नाक्यावरून विकत आणली. गुलाबी रंगाची. आईने एका मुलीला 'कोणाची तू' विचारलं आणि आईला तिच्या आजीचे गुडघे आठवले. मी त्याच मुलीकडे बघितलं आणि मला ताटं आठवली. मी वर्षभर तुम्हाला सांगतोय की डोळे उघडे ठेवा. माझे उघडे होते. ते फक्त तिच्यावर होते, माझ्यावर नव्हते."

इतकी शांतता सरांना वर्षभरात कधी मिळाली नव्हती.

"मला लाज वाटते," सर म्हणाले. "काल वाटली, आज वाटते, आणि तुमच्यापुढे उभं राहताना जास्त वाटते. धम्मदिना, मी चुकलो. माफ करशील की नाही ते तू ठरव. विषय घेशील की नाही तेही तूच ठरव. मला एवढंच म्हणायचं होतं."

मागच्या बाकावर कोणीतरी नाक ओढलं. मग एक हात वर आला असावा, कारण एक आवाज आला, अनोळखी.

"सर, हे परीक्षेला आहे का?"

सरांनी मान वर केली. समोर पहिल्या वर्षाचा कॉमर्सचा वर्ग होता. सगळ्यांपुढे अकाउंट्सची पुस्तकं उघडी होती. सिमेंटच्या कामामुळे त्या दिवशी वर्ग बदलले होते, आणि तसा मोठा कागद व्हरांड्याच्या भिंतीवर लावलेला होता.

समाजशास्त्राच्या वर्गाने वरच्या मजल्यावर तास संपेपर्यंत सरांची वाट बघितली. सर तो कागद न वाचताच खालच्या मजल्यावर एकेक वर्ग उघडून बघत राहिले, वर आलेच नाहीत. मग मुलं ऑफिसात गेली आणि धम्मदिनाला न विचारताच, ती आता अर्थशास्त्रच घेणार असं धरून, बाकी सगळ्यांनी अर्थशास्त्र सांगितलं. धम्मदिनाने समाजशास्त्र सांगितलं. एका मुलीसाठी वर्ग चालवता येत नाही, म्हणून क्लार्कने तिचंही नाव अर्थशास्त्रात टाकलं.